घरच्या वहीतल्या ख्रिसमस कुकीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की जुन्या वह्या, बटरचे डाग पडलेली कार्डं आणि कधीतरी मोबाइलवर काढून ठेवलेले फोटो बाहेर निघतात, आणि त्यांच्यामागून प्रश्न. आमच्या घरच्या पाच रेसिपी मी दरवर्षी भाजते. त्यातल्या तीन आधी बिघडवल्या, मग जमल्या. घरची रेसिपी बहुतेक वेळा अर्धीच लिहिलेली असते. लिहिणारीला उरलेली अर्धी पाठ होती, म्हणून तिने ती कागदावर आणलीच नाही. खालचे बरेचसे प्रश्न त्या न लिहिलेल्या अर्ध्याबद्दलच आहेत.

आजीच्या वहीत "मावेल तेवढा मैदा" असं लिहिलंय. नेमका किती घ्यायचा?

ज्यांची रेसिपी आहे त्या अजून ओट्याशी उभ्या राहत असतील तर फोनवर विचारू नका. फोनवर एकच उत्तर येतं, "अगं, अंदाजाने." त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहा. मैद्याचा डबा वजनकाट्यावर ठेवा, आकडा टिपा, त्यांना हवा तसा मैदा घेऊ द्या आणि शेवटी डबा पुन्हा काट्यावर ठेवा. दोन आकड्यांची वजाबाकी केली की "मावेल तेवढा" हाती येतो. साखरेचं आणि बटरचंही तसंच. मधेमधे "किती झाला?" असं विचारत बसू नका, काट्याकडे लक्ष गेलं की माणसाचा हात बदलतो.

आणि त्यांच्या बोटांकडे बघा. माझी मावशी मैदा घालणं थांबवायच्या आधी गोळ्यात अंगठा दाबते. अंगठा कोरडा निघाला, खळगा तसाच राहिला आणि कडेला भेग पडली नाही, की तिच्या लेखी पीठ झालं. हे तिच्या वहीत कुठेही नाही. का लिहिलं नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, "हे काय लिहायचं?"

विचारायला कुणीच उरलं नसेल तर प्रमाणावरून मागे जायचं. अंडं नसलेल्या साध्या कुकीजना वजनाने १ भाग साखर, २ भाग बटर आणि ३ भाग मैदा हे स्कॉटिश शॉर्टब्रेडचं जुनं प्रमाण चालतं. अंडं घालून, लाटून, साच्याने कापायच्या कुकीज असतील तर २२५ ग्रॅम बटर, २०० ग्रॅम साखर आणि एका अंड्याला ३६० ते ३७५ ग्रॅम मैदा लागतो. इथून सुरुवात करा आणि पहिले दोन-तीन प्रयोग पाव मापाने करा. पाव अंडं कसं घ्यायचं? फेटून वजन करा. टरफलाशिवाय मोठं अंडं साधारण ५० ग्रॅम भरतं, म्हणजे पाव अंडं १२-१३ ग्रॅम.

कपाने मोजू की वजनाने?

वजनाने. एकाच कपात मैदा चमच्याने हलका भरला तर १२० ग्रॅम बसतो, तोच कप डब्यात खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. तीन कपांत ९० ग्रॅमचा फरक पडला की तीच रेसिपी एकदा खुसखुशीत होते आणि एकदा विटेसारखी.

शिवाय कप कुठला, हाही प्रश्न आहेच. अमेरिकी कप सुमारे २४० मिलिलिटरचा आणि मेट्रिक कप २५० चा. घरच्या वहीतला कप मात्र बहुधा यातला एकही नसतो. आईच्या कार्डावर "२ कप मैदा, १ कप साखर, २ अंडी" असं होतं. मी माझ्या २४० च्या कपाने मोजत होते आणि पीठ दरवेळी कोरडं होऊन लाटताना कडेला फाटत होतं. आईचा कप म्हणजे कान तुटलेला एक चहाचा कप निघाला. त्यात पाणी भरून मोजलं तर १९० मिलिलिटर. सगळंच त्या कपाने मोजलं असतं तर कप कुठलाही चालला असता, प्रमाण तेच राहतं. पण अंडी कपाने मोजत नाहीत. माझा कप मोठा झाला, अंडी दोनच राहिली आणि ओलावा कमी पडला.

जुन्या अमेरिकी कागदावर "एक स्टिक बटर" दिसलं तर ते ११३ ग्रॅम. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम.

"मध्यम ओव्हन", "गरम ओव्हन" म्हणजे किती तापमान?

मध्यम म्हणजे साधारण १८० अंश सेल्सियस, मंद म्हणजे १५० च्या आसपास, गरम म्हणजे २०० च्या पुढे. ३५० फॅरनहाइट म्हणजे १७७ सेल्सियस, ३७५ म्हणजे १९०. ब्रिटिश वहीत "गॅस मार्क ४" असेल तर १८० समजा. पंख्याचा ओव्हन असेल तर २० अंश कमी ठेवा.

ओव्हनच्या खटक्यावर मात्र विश्वास ठेवू नका. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर आणा. माझा ओव्हन १८० दाखवतो तेव्हा आत १९५ असतं. हे कळायच्या आधी दोन हिवाळे मी कडा जाळल्या आणि दोष रेसिपीला दिला.

बटर "मऊ" हवं म्हणजे किती मऊ?

बोटाने दाबलं तर खळगा पडावा, पण बोट आत घुसू नये आणि बटर चकाकू नये. १८ ते २० अंशाला बटर असं असतं. साखरेबरोबर फेटताना साखरेचे कण बटरमध्ये हवेचे बारीक कप्पे करतात. बटर जास्त मऊ असेल तर ते कप्पे टिकत नाहीत, कडक असेल तर होतच नाहीत. घाईत मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं की मधे वितळलेलं आणि कडेला घट्ट, अशी गत होते. त्यापेक्षा बारीक तुकडे करून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा.

कापताना तारे होते, भाजल्यावर सगळ्यांचे थापे झाले. काय चुकलं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. माझ्याही ट्रेमधून एकदा बारा ताऱ्यांऐवजी एक नकाशा बाहेर आला होता, मधे मधे बेटं असलेला. कारणं बरीच असतात आणि ती एकमेकांत मिसळलेली असतात, म्हणून एका वेळी एकच बदल करून बघा.

पहिला संशय बटरवर घ्या. बटर ३२ ते ३५ अंशाला वितळतं. ओव्हनमध्ये पिठाची चौकट घट्ट व्हायच्या आत बटर वाहून गेलं की आकार गेला. म्हणून कापलेले आकार ट्रेसकट फ्रीजरमध्ये १५ मिनिटं ठेवून मगच भाजायचे. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. ट्रे गरम असतानाच त्यावर दुसरी खेप मांडली, तर पीठ ओव्हनमध्ये जायच्या आधीच पाघळतं. दोन ट्रे आलटूनपालटून वापरा.

मग साखर बघा. दाणेदार साखर भाजताना विरघळून पातळ होते आणि पीठ पसरतं. पिठीसाखरेने आकार जास्त टिकतो. टोकदार साच्यांसाठी मी निम्मी साखर पिठी घेते.

मग खायचा सोडा आणि बेकिंग पावडर बघा. साच्याने कापायच्या कुकीजना फुगवायचं काही जवळजवळ नकोच. आजीच्या वहीत चमचाभर बेकिंग पावडर असेल तर ती बहुधा गोल, चमच्याने टाकायच्या कुकीजसाठी होती आणि साचा नंतर कुणीतरी आणला.

शेवटचं कारण कुणाच्या लक्षात येत नाही. वहीत "मार्जरीन" (बटरऐवजी वापरायचं वनस्पती तेलाचं लोणी) किंवा "शॉर्टनिंग" (डालड्यासारखा घट्ट स्निग्ध पदार्थ) लिहिलेलं असतं आणि आपण बटर घालतो. शॉर्टनिंग बटरपेक्षा उशिरा वितळतं आणि त्यात पाणी नसतं, बटरमध्ये १६ ते १८ टक्के पाणी असतं. बटरने चव चांगली येते, पसरणं वाढतं. पीठ जास्त वेळ गार करा आणि चमचाभर मैदा वाढवा. उलट, आज मिळणारे ब्रेडला लावायचे हलके स्प्रेड मार्जरीनऐवजी वापरू नका. त्यांत स्निग्धांश फारच कमी असतो.

पीठ किती मळायचं?

मळायचंच नाही. मैदा घातल्यावर फक्त एकत्र येईपर्यंत हलवायचं आणि हाताने गोळा करायचा. मळाल तर ग्लुटेन, म्हणजे मैद्यातलं चिवट प्रथिन, तयार होऊन कुकी वातड होते.

बेकिंग पावडर आणि खायचा सोडा एकाऐवजी एक चालतील का?

सरसकट नाही. सोडा पावडरच्या साधारण तिप्पट ते चौपट जोरदार असतो आणि त्याला आंबट काहीतरी लागतं. मोलॅसिस (साखर करताना उरणारी काळी काकवी), मध, ब्राउन शुगर, दही यांत ते असतं. म्हणूनच जिंजरब्रेडमध्ये, म्हणजे सुंठ-मसाल्याच्या कुकीजमध्ये, सोडा आणि साध्या कुकीजमध्ये पावडर दिसते. सोड्याने रंगही लवकर गडद होतो.

जुन्या जर्मन किंवा स्कँडिनेव्हियन वहीत कधी "हिरणाच्या शिंगाचं मीठ" असं काहीतरी सापडतं. घाबरू नका, ते अमोनियम बायकार्बोनेट. पूर्वी ते खरंच शिंगांपासून काढत, आता कारखान्यात होतं. तापल्यावर त्याचा अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होते, मागे काही उरत नाही आणि कुकी विलक्षण हलकी आणि कुरकुरीत होते. भाजताना मात्र डोळ्यांत पाणी येईल असा वास सुटतो. खिडकी उघडा आणि हे मीठ पातळ कुकीजनाच वापरा. जाड कुकीमधून तो वायू पूर्ण निघून जात नाही आणि चव राहते. असं कच्चं पीठ चाखूही नका.

मधाच्या कुकीज दगडासारख्या झाल्या. फेकून देऊ?

थांबा, फेकू नका. लेबकूखनसारख्या जर्मन मधाच्या कुकीज पहिल्या दिवशी टणक असणं हे बिघडल्याचं लक्षण नाही. मध हवेतला ओलावा ओढून घेतो. डब्यात सफरचंदाची एक फोड ठेवा, दोन-तीन दिवसांनी बदला, आठवडाभरात मऊ होतील. फोडीला बुरशी येते, म्हणून ती बटर पेपरवर ठेवा आणि रोज एकदा बघा. या कुकीज ख्रिसमसच्या तीन-चार आठवडे आधी करतात त्यामागे हेच कारण आहे, मसाल्याची चवही तोवर मुरते.

जाता जाता: न्यूरेंबर्ग शहराचं नाव लावून लेबकूखन विकायची तर ती त्या शहराच्या हद्दीतच बनलेली असावी लागते. युरोपीय संघात १९९६ पासून त्या नावाला संरक्षण आहे. घरी करणाऱ्यांना अर्थात कुणी अडवत नाही.

एक इशारा. एका वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत, भाजलेल्या कुकीतलाही नाही.

अंड्याशिवाय जमतील का?

जमतील, आणि त्यासाठी रेसिपी मोडायचीही गरज नाही. मुळातच अंडं नसलेल्या निवडा. शॉर्टब्रेडमध्ये अंडं नसतं. ऑस्ट्रियातल्या व्हॅनिला किप्फर्ल, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराच्या बदाम-कुकीज, अनेक घरांत अंड्याशिवायच होतात. त्या गरम असतानाच व्हॅनिलाच्या साखरेत घोळवायच्या असतात आणि तेव्हाच त्या सर्वांत ठिसूळ असतात. दोन चमच्यांनी उचला, एका खेपेत तीन-चार मोडणारच.

अंड्याच्या रेसिपीत बदल करायचाच असेल तर एका अंड्याऐवजी १ टेबलस्पून जवसाची पूड ३ टेबलस्पून पाण्यात भिजवून घाला. बांधून ठेवायचं काम ती करते. त्सिम्टश्टेर्न, म्हणजे दालचिनीचे तारे, यांच्या मात्र वाटेला जाऊ नका. त्यांत मैदाच नसतो, सगळा डोलारा अंड्याच्या पांढऱ्यावर आणि बदामाच्या पुडीवर उभा असतो.

लहान मुलांना कोणतं काम द्यायचं?

साचे दाबायचं, वर साखर भुरभुरवायचं, बेदाण्याचे डोळे लावायचं. मैदा चाळायचं काम पाच वर्षांच्या मुलाला दिलं तर नंतर जमीन कोण पुसणार हे आधी ठरवा. कच्चं पीठ चाटू देऊ नका. कच्च्या अंड्याचा धोका सगळ्यांना माहीत असतो, पण कच्च्या मैद्यातही जंतू असू शकतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आम्हाला लहानपणी भांडं चाटू दिलं जायचं. आता मी भांडं लगेच पाण्यात टाकते आणि पहिल्या ट्रेमधली एक गरम कुकी प्रत्येकाच्या हातावर ठेवते. तक्रार होते, पण थोडी.

झाडाला टांगायच्या कुकीजना भोक कधी पाडायचं?

भाजण्याआधी, सरबताच्या नळीने, काठापासून निदान १ सेंटिमीटर आत. भाजताना ते भोक थोडं बुजतं, म्हणून ट्रे बाहेर आल्या आल्या त्याच नळीने पुन्हा दाबा. दोन मिनिटं उशीर झाला तर कुकी तडकते. टांगायला जिंजरब्रेडच घ्या, शॉर्टब्रेड स्वतःच्या वजनाने तुटून खाली येते.

कुकीत काचेसारख्या खिडक्या करायच्या असतील तर मधला भाग कापून काढा, शेवटची ४-५ मिनिटं उरली की तिथे कडक गोळीचा चुरा भरा आणि वितळू द्या. पूर्ण गार होईपर्यंत बटर पेपरवरून उचलू नका.

आयसिंग कधी वाहतं, कधी पुसटतं. नेमकं कसं हवं?

एका अंड्याच्या पांढऱ्याला १५० ते २०० ग्रॅम पिठीसाखर. शक्यतो पाश्चराइज केलेला पांढरा किंवा मेरिंग पावडर (वाळवलेल्या पांढऱ्याची पूड) वापरा, कारण हे शिजत नाही. रेघ मारायला घट्ट हवं. भरायला पातळ हवं: चमच्याने वरून धार सोडा, ती १० ते १५ सेकंदांत पृष्ठभागात मिसळून जायला हवी. लवकर मिसळली तर साखर वाढवा, राहिली तर थेंब थेंब पाणी. कुकी जराही कोमट असेल तर हात लावू नका. आणि रात्रभर वाळल्याशिवाय एकावर एक रचू नका.

किती आधी करून ठेवता येतात?

मधाच्या आणि मसाल्याच्या सगळ्यात आधी, शॉर्टब्रेड दोन आठवडे आधी, बटरच्या नाजूक कुकीज शेवटच्या आठवड्यात. जॅम भरायच्या लिंझर कुकीज भाजून कोऱ्या ठेवा आणि जॅम एक दिवस आधी लावा, नाहीतर त्या मऊ पडतात. मऊ आणि कुरकुरीत कुकीज एका डब्यात ठेवल्या तर मऊ वाळतात आणि कुरकुरीत सादळतात. कच्चं पीठ फ्रीजरमध्ये तीन महिने राहतं. कापलेले आकार गोठवले तर तसेच भाजा, एक-दोन मिनिटं जास्त लागतात.

स्प्रिंगर्ले, म्हणजे ठसा उमटवलेल्या जर्मन कुकीज, करणार असाल तर वेळ धरून चाला. कोरीव साच्याने ठसा उमटवला की त्या रात्रभर, कधी पूर्ण दिवस उघड्यावर वाळवतात. वरची साय घट्ट झाली की भाजताना कुकी वर फुगत नाही, खालून उचलली जाते, तिला पाय फुटतात आणि ठसा स्पष्ट राहतो. घाई केली की ठशातल्या घोडेस्वाराचं बटाट्यात रूपांतर होतं.

रेसिपी दुप्पट करताना सगळंच दुप्पट?

हो, फक्त लवंग आणि जायफळ दीडपटीवर थांबवून वास घ्या. भाजायचा वेळ वाढत नाही.

आत्या म्हणते सुंठ, काकू म्हणते दालचिनी. घरची खरी रेसिपी कोणती?

दोन्ही लिहून ठेवा, नावांसकट. आमच्याकडे एकाच जिंजरब्रेडची तीन रूपं आहेत आणि तिन्ही घरांत "हीच मूळची" असं शपथेवर सांगतात. भांडण मिटवायच्या भानगडीत मी पडले नाही. वहीच्या पानावर तीन रकाने आखले.

नवी प्रत लिहिताना ग्रॅम लिहा, तुमच्या ओव्हनचं खरं तापमान लिहा, ट्रेवर किती मावल्या आणि किती जाड लाटल्या ते लिहा. आमच्या ४ मिलिमीटर असतात, दोन सारख्या पट्ट्या दोन्ही बाजूंना ठेवून लाटते. मूळ कागद फेकू नका. अक्षर तर असतंच, पण सगळ्यात जास्त डाग कुठल्या ओळीवर आहेत ते पाहिलं की कुठल्या पायरीला पुन्हा पुन्हा वहीत बघावं लागायचं ते कळतं.

झाल्या हे कसं ओळखायचं?

कडा खरपूस दिसायला लागल्या आणि मधे अजून किंचित कच्चं वाटलं की काढा. ट्रेवर आणखी पाच मिनिटं त्या शिजत राहतात. मधेही रंग येईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. काळ्या ट्रेवर तळ लवकर लागतो, दोन मिनिटं आधी बघा.

कापून उरलेल्या कातरणांचं काय करायचं?

एकावर एक रचून दाबा, पुन्हा गार करा, लाटा. मळून गोळा करू नका. दोनदा लाटलेलं चालतं, तिसऱ्यांदा कुकी कडक होते. तिसऱ्या फेरीचं पीठ मी लाटतच नाही. बोटभर तुकडे तोडून वेडेवाकडे ट्रेच्या कोपऱ्यात टाकते, वर मिठाचे दोन दाणे. बारीक असल्याने ते आधी होतात, म्हणून आठव्या मिनिटाला ओव्हन उघडावा लागतो. ते पाहुण्यांच्या डब्यात जात नाहीत.